आधी ओटा, मग अर्ज

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या पाहुणीने चहा निवण्याच्या आत आपले भाषण आटोपावे, हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही चिटणीसबाईंनी मला पाऊण तास दिला आहे, आणि तो सगळा वापरण्याचा माझा विचार आहे, हे आधीच सांगून टाकते.

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'चाळीस वर्षांची समाजसेवा' असा छापला आहे. त्यातल्या 'सेवा' या शब्दाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. मी नोकरी केली. १९८१ साली दरमहा दोनशे रुपयांवर लागले आणि २०२१ साली निवृत्त झाले. पगार लहान होता, पण तो पगार होता. सेवा म्हटली की काम करणाऱ्या बाईला पैसे द्यायचे नसतात आणि काम करून घेणाऱ्याला हिशेब विचारायचा नसतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. या समजुतीने बायकांचे फार नुकसान केले आहे. तेव्हा मी आज बोलणार आहे ते माझ्या नोकरीविषयी, एका धंद्याविषयी म्हणा ना! त्याला चांगलेसे मराठी नाव अजून पडलेले नाही.

तर हा धंदा म्हणजे काय? त्याची तीन अंगे. लोकांत जाऊन बसायचे व त्यांच्याबरोबर काम उभे करायचे, हे एक. मुलांना आणि मोठ्यांनाही प्रत्यक्ष करून, पाहून, हाताळून शिकू द्यायचे, हे दुसरे. आणि या दोन्हींना पैसा लागतो, तो मागण्यासाठी अर्ज, अंदाजपत्रके, अहवाल लिहायचे, हे तिसरे. पहिली दोन कामे मी आवडीने पत्करली. तिसरे माझ्याकडे आले ते माझे अक्षर बरे होते म्हणून. आमच्या लहानशा संस्थेत टंकलेखनयंत्र नव्हते. संस्था अजून चालू आहे. माझ्या बोलण्याचा भार तिच्यावर नको, म्हणून तिचे नाव घेत नाही.

आमचे काम डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर होते. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ च्या ऑगस्टपासून पालघर जिल्ह्यात आला. ज्या मातीत आम्ही गेलो तिच्यात आमच्या आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नांगर घातलेला होता, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत असेल. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई त्यांना मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

या दोघींनी काय केले? माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांची साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हा शब्द देशभर गेला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. आणि मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसते म्हणून शाळेत येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी भरवली. तिला विकासवाडी म्हणत.

मी हे तपशिलाने सांगते आहे, कारण या चारही गोष्टींत एकच रीत आहे. मूल का येत नाही, हे आधी पाहायचे. 'आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटत नाही' हे वाक्य मी चाळीस वर्षांत शेकडो अर्जांत वाचले. फार सोयीचे वाक्य आहे. ते लिहिले की पाहायचे काम उरत नाही.

माझ्या पहिल्या पाड्यावर मी एक छापील पत्रक घेऊन गेले होते. कुटुंबात माणसे किती, जमीन किती, गुरे किती, असे बत्तीस प्रश्न. दोन दिवस मी ओट्याओट्यावर फिरले आणि सगळ्यांनी मला अगदी नम्रपणे चुकीची उत्तरे दिली. जमिनीबद्दल विचारणारे पूर्वी जे कोणी आले असतील त्यांनी काय केले असेल ते पाड्याला पक्के आठवत होते. त्या लोकांचे वागणे शहाणपणाचेच होते. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "बाय, तू बस आधी. कागद ठेव तिकडं."

मी बसले. नाचणी निवडायला घेतली. दुपारपर्यंत बायका बोलू लागल्या, पण माझ्याशी नव्हे, आपसात, माझ्यादेखत. पाणी कुठून आणावे लागते, कोणाचे मूल आजारी आहे, कोणत्या सावकाराने काय म्हटले, हे सर्व त्या बोलण्यात होते. बत्तीसपैकी वीस प्रश्नांची उत्तरे न विचारता मिळाली, आणि उरलेले बारा विचारण्यासारखे नव्हतेच असे ध्यानात आले. पुढे नव्या कार्यकर्त्या येत, तेव्हा मी त्यांना महिनाभर पत्रके देत नसे. संस्थेत यावरून कुरबूर होई, कारण पैसे देणाऱ्याला पहिल्या महिन्यातच आकडे हवे असत.

आता दुसऱ्या अंगाविषयी. अनुभवातून शिक्षण हा शब्द अलीकडे फार चालतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे. कल्पना मात्र जुनी. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. शाळेतला 'कार्यानुभव' आपल्या मुलींनी केलाच आहे. त्याचे पुढे काय झाले तेही आपण पाहिले आहे. आईने रात्री जागून भरतकाम करायचे आणि मुलीने सकाळी ते बाईंना दाखवायचे!

अनुभव दिला की शिक्षण आपोआप होते असे नाही. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९३८ सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडले आहे, की सगळेच अनुभव सारखे शिकवणारे नसतात. महाविद्यालयातली मुले राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आमच्याकडे येत. ही योजना १९६९ ची, आणि चांगली आहे. पण शिबिरात दिवसभर चर खणून संध्याकाळी गाणी म्हणून मुले परत गेली, तर त्यांना खणण्याचा अनुभव आला एवढेच. चर कुठे खणायचा हे कोणी ठरवले, ज्याच्या शेतात पाणी मुरणार तो कोण, ज्याच्या शेतात मुरणार नाही तो कोण, हे रात्री बसून बोलले तर त्यातून काही शिकणे होते. आम्ही गाण्यांचा एक तास कापून तो बोलण्याला दिला. मुले आधी रुसली. नंतर रात्री बारापर्यंत भांडत बसू लागली, तेव्हा मला बरे वाटले.

एक हकीकत सांगते. १९८४ साल असेल. आमच्या शाळेत मापे शिकवायची होती. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. म्हणजे शहरात लिटर-किलो रुळून वीस वर्षे होऊन गेली होती. पण आठवड्याच्या बाजारात धान्य अजून शेर-पायलीनेच मोजले जाई. मुले म्हणाली, आमची पायली आणि पुस्तकातले लिटर यांचा मेळ कसा घालायचा? आमच्या बाईंनी एक लिटरची बाटली आणली आणि पाड्यावरच्या तीन घरांतली तीन मापे गोळा केली. पाणी भरून मोजले. तिन्ही मापे थोडीफार कमीजास्त निघाली, ते साहजिक होते. मग एका मुलाला सुचले की ज्याच्याकडून आपण उधारीने तांदूळ आणतो त्याचेही माप मोजावे. त्याच्या बापाने आणलेले चार मापे तांदूळ त्यांनी घरच्या मापाने परत मोजले. ते साडेतीनच्या खाली भरले. दुसऱ्या घरचे मोजले, तेही तसेच. मुलांनी फळ्यावर सारे लिहून ठेवले, आणि संध्याकाळी बाप मंडळी ते पाहायला आली.

तुम्हाला वाटेल, पुढे दुकानदाराला जाब विचारला आणि न्याय झाला. जाब विचारला खरा. दुकानदाराने दुसऱ्या दिवसापासून पाड्याची उधारी बंद केली. जुलै महिना होता, लावणी चालू होती, घरात दाणा नव्हता. ज्या म्हातारीने मला 'बस आधी' म्हटले होते तीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की पोरांना मोजायला शिकवलेत ते चांगले केलेत, पण दसऱ्यापर्यंत आम्ही त्याचे खातो, आता काय मोजायचे ते सांगा.

या प्रश्नाला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात उत्तर नाही. खरे शिक्षण बिनधोक नसते. मापे शिकवायला घेतली की ती कोणाची तरी मापे असतात. त्या रात्री पाड्यावर बैठक झाली, आणि बोलल्या मुख्यतः बायका. त्यांनी ठरवले की आपली धान्याची कोठी करायची. सुगीनंतर ज्याला जमेल त्याने भात घालायचे, पावसाळ्यात ज्याला लागेल त्याने न्यायचे, आणि परत करताना दहा टक्के जास्त घालायचे. पण या वर्षी कोठीत घालायला भात नव्हते. पहिला भरणा कोठून तरी आणावा लागणार होता, आणि तो मागण्यासाठी अर्ज लिहावा लागणार होता. अक्षर माझे बरे होते!

माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज हा असा, वीस क्विंटल भातासाठी. तो दीड पानाचा होता. मुलांच्या फळ्यावरचा हिशेब मी त्यात जसाच्या तसा उतरवला, बैठकीत काय ठरले ते लिहिले, कोठीची किल्ली कोणाकडे राहणार ते लिहिले, आणि भात परत आले नाही तर काय करणार तेही लिहिले. भात मिळाले, ऑगस्टच्या शेवटी. तोपर्यंतचे पाच-सहा आठवडे पाड्याने कंद आणि रानभाजी यांवर काढले, हे विसरता येत नाही. मुलांनी मोजल्यापासून उधारी बंद होण्यापर्यंत एक आठवडा गेला. अर्जाला उत्तर यायला सात. पैसे देणारे आणि पैसे लागणारे यांची पंचांगे निरनिराळी असतात.

अर्ज लिहिणे हे हलके काम आहे असे पुष्कळांना वाटते. मागून खाणे, असेही कोणी म्हणतात. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण देते. १८८७ साली त्यांनी अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात आधी स्थिती सांगितली आहे, आणि शेवटचे प्रकरण आवाहनाचे आहे. माझ्या धंद्यातल्या डोळ्यांनी पाहिले तर ते पुस्तक म्हणजे एक उत्तम प्रस्ताव आहे. त्यावर बोस्टनला मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. दहा वर्षे! आज तीन वर्षांचे आश्वासन मिळाले तरी संस्थेत पेढे वाटतात.

दुसरे अण्णासाहेब कर्वे. १८९६ ला त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि दारोदार फिरून वर्गणी जमवली. १९१६ ला महिला विद्यापीठ काढले. १९२० ला सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लक्षांची देणगी दिली. आपल्याला त्या पंधरा लक्षांचे कौतुक वाटते. मला अधिक कौतुक वाटते ते भाऊबीज निधीचे. लोकांनी कर्व्यांच्या संस्थेतल्या मुलींना आपल्या बहिणी मानून भाऊबीज घालावी, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसाच्या मनाची दारे कुठे आहेत ते ठाऊक होते. मोठी देणगी एकदा येते. ओवाळणी दरवर्षी येते, आणि तिच्यावर कोणाची अट नसते.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. देशभरच्या कितीतरी महिला मंडळांच्या बालवाड्या आणि शिवणवर्ग त्याच्या अनुदानावर उभे राहिले. पुढे परदेशी पैसा येऊ लागला. त्याला १९७६ साली कायद्याचे कुंपण घातले, २०१० साली नवा कायदा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापनाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. शिवाय हा पैसा एका संस्थेने दुसरीला देण्याची बंदी झाली. मोठ्या संस्थेकडून ज्या लहान संस्थांना पाझर मिळत असे, त्या यामुळे कोरड्या पडल्या. तिसरी थैली कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. आज आपल्या मंडळापुढे जो प्रश्न आहे तो या तिसऱ्या थैलीचा आहे. त्याकडे मी येतेच, पण त्याआधी वीटभट्टीची गोष्ट सांगितली पाहिजे.

दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. भिवंडीकडे, वसईकडे. भट्टीमालकाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मजुरी हजार विटांमागे. हिशेब हंगामाच्या शेवटी. कच्च्या विटा आणि पेंढा यांची बुटकी झोपडी बांधून राहायचे. तिला भोंगा म्हणतात. मुले आईबापांबरोबर जातात, ओल्या विटा उलटतात, धाकट्यांना सांभाळतात, आणि पाऊस जवळ आला म्हणजे परत येतात. तोपर्यंत शाळेचे वर्ष संपलेले असते.

१९९७ साली एका देणगीदाराकडून आम्हाला शाळेसाठी तीन वर्षांचे साहाय्य मिळाले. अट एक होती, आणि कागदावर ती अगदी वाजवी दिसत होती: मार्चअखेर सरासरी हजेरी ऐंशी टक्के असली पाहिजे. पटावर मुले ४१. म्हणजे रोज तेहतीस तरी हजर हवीत. नोव्हेंबरच्या मध्याला तेरा उरली.

देणगीदारांकडून पाहणीला एक गृहस्थ आले. मनाने वाईट नव्हते. त्यांनी हजेरीपट पाहिला, थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "बाई, मुले परत येणारच आहेत ना? मग नावापुढे खूण करायला काय हरकत आहे? पैसे तर मुलांसाठीच आहेत." आमच्या दोन शिक्षिका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे मानधन त्या खुणांवर अवलंबून होते. एकीच्या घरी नवऱ्याचे आजारपण होते.

आम्ही तिघींनी त्या रात्री बसून दुसराच पट केला. गेलेल्या २८ मुलांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे ते कुठे आहे ते लिहिले. सतरा भिवंडीच्या बाजूच्या भट्ट्यांवर, सहा वसईकडे, पाच आजोळी. आईबापांनी किती उचल घेतली होती, तेही जिथे कळले तिथे लिहिले. अहवालात हाच पट जोडला आणि पुढे लिहिले की ही मुले शाळा सोडून गेलेली नाहीत, शाळा त्यांच्या मागे गेलेली नाही. तरी दोन्ही शिक्षिकांचे मानधन भट्टीवर वर्ग चालवण्यासाठी वापरायला परवानगी द्यावी. ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेच्या भोंगाशाळा तेव्हा चालू होत्या. ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळाही अशाच निघाल्या. शाळा कुरणात नेणाऱ्या ताराबाईंचीच ही रीत.

उत्तर आले. अट पाळली गेली नाही, सबब दुसरा हप्ता देता येत नाही. दोन ओळींचे पत्र होते.

दोघींचे मानधन पाच महिने थकले. एक जण तरीही आठवड्यातून तीन दिवस एस.टी.ने भिवंडीच्या भट्टीवर जाऊन सतरा मुलांना शिकवीत राहिली. पाड्यावरच्या बायकांनी तिच्या घरी तांदूळ पोचवले. दुसरीला ते शक्य नव्हते. ती बोईसरच्या कारखान्यात पाकिटे भरण्याच्या कामाला लागली. आमच्याकडची सर्वांत चांगली शिक्षिका होती. ती परत आली नाही, आणि तिने परत यायला हवे होते असे मी कधी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका विश्वस्त निधीने तो २८ नावांचा पट वाचून आम्हाला पैसे दिले. हजेरीची अट न घालता, मूल जिथे असेल तिथे मोजण्याची अट घालून. लोक ही गोष्ट सांगताना इथे थांबतात, आणि सत्याचा विजय झाला असे म्हणतात. मला बोईसर आठवते. आज सरकारची हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ज्यांनी ती मिळवली त्यांच्यामागे अशा पुष्कळ जणींची थकलेली मानधने आहेत.

आता आपल्या मंडळाकडे येते. अध्यक्षीणबाईंनी मला सारे कागद दाखवले आहेत, आणि सभेपुढे बोलण्याची मोकळीक दिली आहे.

घरकामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आपण या सभागृहात संध्याकाळचा वर्ग चालवता. मुले २७. शिकवतात मंडळाच्याच दोघी, विनामोबदला. खर्च निघतो तो दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आणि भाजणी-मेतकुटातून. आता एका कंपनीने वर्षाला सहा लाख रुपये देऊ केले आहेत. अट अशी की मुले २०० झाली पाहिजेत आणि दर तीन महिन्यांनी छायाचित्रांसह अहवाल दिला पाहिजे. कार्यकारिणीत यावर दोन तट पडले आहेत, असे कळते. काही जणी म्हणतात, लक्ष्मी दारात आली आहे. काही म्हणतात, नकोच ती कटकट.

मला दोन्ही पटत नाही. थोडे गणित करू. सध्या ज्या दोघी शिकवतात त्यांना महिना आठ हजार प्रमाणे मानधन धरा. माझा आग्रह आहे की धराच. आज त्या फुकट शिकवतात, पण उद्या त्यांतली एक सुनेच्या बाळंतपणाला गेली म्हणजे वर्ग बंद पडतो. त्याचे वर्षाचे १,९२,००० झाले. मुलांना रोज पंधरा रुपयांचे खाणे, २४० दिवस, २७ मुले: ९७,२००. शाळेतून येणारे मूल उपाशी असते, त्याला आधी खायला दिले पाहिजे. झाडलोट व पाणी पाहणाऱ्या बाईला महिना तीन हजार: ३६,०००. साहित्य वीस हजार, वीज बारा हजार, हिशेब तपासनिसाचे पंधरा हजार. बेरीज ३,७२,२००. म्हणजे एका मुलामागे वर्षाला सुमारे तेरा हजार आठशे. कंपनी २०० मुलांसाठी सहा लाख देते, म्हणजे मुलामागे तीन हजार. या तीन हजारांत काय बसते? छायाचित्र बसते. खाणे बसत नाही.

तेव्हा कंपनीला नकार देऊ नका, आणि होकारही देऊ नका. उलट पत्र लिहा. त्यात हे गणित घाला. म्हणा की आम्ही पहिल्या वर्षी ४० मुले घेऊ, कारण सभागृहात तेवढीच नीट बसतात. याला पाच लाख पुरतील. उरलेल्या लाखाचे आम्हाला काम नाही. पैसे नाकारणाऱ्या अर्जाकडे वाचणारा चष्मा पुसून पाहतो, हा माझा अनुभव आहे. आणि फराळाच्या विक्रीचा आकडा त्यात ठळक लिहा. गेल्या वर्षीचा नफा ३८ हजार होता ना? तो मंडळाचा स्वतःचा वाटा. त्या ३८ हजारांना कोणाची अट नाही. हप्ता थकला तर महिनाभर वर्ग त्यावर चालेल. कंपनीचे पैसे आले म्हणून भाजणी दळणे थांबवू नका, एवढे माझे ऐका.

कागदपत्रांचे सांगते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आपली जुनी आहे, ती ठीक. आयकराची दोन्ही प्रमाणपत्रे चालू मुदतीची हवीत. कंपन्यांकडून पैसा घेण्यासाठी संस्थेला २०२१ च्या एप्रिलपासून सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. तो आपण अजून घेतलेला नाही. कामाचा तीन वर्षांचा दाखला लागतो, आणि तपासलेले हिशेब तर लागतातच. आपल्या चिटणीसबाईंची वही मी पाहिली. सुतळीच्या गुंडीसुद्धा नोंदलेली आहे. असा हिशेब मी लाखांची उलाढाल असलेल्या संस्थांत पाहिला नाही.

पण हे सारे नंतर. आधी एक काम राहिले आहे. ज्यांची मुले येतात त्या आयांशी आपण कधी बसलो आहोत काय? त्या रोज आपल्या स्वयंपाकघरात असतात, आपण त्यांना नावाने ओळखतो. पण या वर्गाविषयी त्यांचे म्हणणे मी तीन जणींना विचारले तेव्हा तिघींनी एकच सांगितले. वर्ग सहाला सुटतो. त्यांचे शेवटचे घर साडेसातला संपते. मधला दीड तास मुले जिन्यात बसतात. मुलींची त्यांना विशेष काळजी वाटते, आणि ती का वाटते हे आपल्याला सांगायला नको. मंडळात आजवर संगणक घ्यावा की नाही यावर तीन बैठका झाल्या. त्या दीड तासावर एकही झालेली नाही.

वर्ग साडेसातपर्यंत चालला, तर त्यात अभ्यास किती आणि खेळ, स्वयंपाक, शिवण, बाजारहाटाचा हिशेब किती, हे ठरवता येईल. मी मदतीला आहे. या मुलांना पुस्तकांपेक्षा रिकाम्या हातांचा कंटाळा अधिक आला आहे, असे मला दिसले. त्यांतली एक आठ वर्षांची मुलगी आईबरोबर जाऊन जाऊन चार घरांच्या दुधाचा हिशेब तोंडी ठेवते, आणि शाळेत गणितात नापास आहे. तिच्यासाठी काय करता येईल याचा विचार माझ्या डोक्यात आठ दिवस चालू आहे.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता आयांना इथे बोलवा. रविवारी त्यांना दुपारची तेवढीच फुरसत असते. त्यांना खुर्च्यांवर बसवा आणि आपण सतरंजीवर बसू. माझे गुडघे दुखतात, पण मीही बसेन. त्या काय म्हणतात ते एकीने लिहून घ्यावे, आणि मध्ये कोणी बोलू नये. अर्जाचा मसुदा मी त्यानंतर करीन. चिटणीसबाई, तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या तेवढ्या त्या दिवशी काढून ठेवा, आणि चहा थोडा जास्त टाका. आजचा निवला असेल.